डेलिगेटांचं गणित: राज्य जिंकलं, पण हाती काय आलं?

पायवाट (एडिसन, न्यू जर्सी)

५ फेब्रुवारी २००८ च्या सुपर ट्यूसडेला (एकाच मंगळवारी बऱ्याच राज्यांत मतदान होतं तो दिवस) आमच्या न्यू जर्सीत डेमोक्रॅटिक प्रायमरीसाठी, म्हणजे पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार निवडायच्या मतदानात, अकरा लाखांवर मतं पडली. हिलरी क्लिंटन साधारण ५४-४४ ने जिंकल्या. डेलिगेट, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवणारे प्रतिनिधी, वाटले गेले ५९ आणि ४८. आघाडी ११ ची. त्याच दिवशी आयडाहोत कॉकस झाले, म्हणजे मतपेटीऐवजी सभा भरवून केलेली निवड. अख्ख्या राज्यातून मिळून एकवीस हजारांच्या आसपास माणसं आली. बराक ओबामांनी त्यात ८० टक्के मतं खेचली आणि १८ पैकी १५ डेलिगेट नेले. आघाडी १२ ची. अकरा लाखांच्या जर्सीला बटाटे पिकवणाऱ्या आयडाहोने एका डेलिगेटने मागे टाकलं.

टीव्हीवर त्या रात्री नुसते रंगवलेले नकाशे. कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, जर्सी, मॅसॅच्युसेट्स, सगळी वजनदार राज्यं क्लिंटनबाईंच्या खिशात. डेलिगेटांची बेरीज पाहिली तर मात्र सामना जवळपास बरोबरीत. कॅलिफोर्नियात आठ-नऊ टक्क्यांनी जिंकून त्यांना ३८ ची आघाडी मिळाली. ओबामांना एकट्या इलिनॉयने ५५ ची दिली, कारण तिथे त्यांनी ६५-३३ असा फडशा पाडला होता. लोकसंख्येने इलिनॉय कॅलिफोर्नियाच्या साधारण एक तृतीयांश.

पुढच्या वेळी कोण उभं राहणार यावर इथे धाग्यांवर धागे निघतात. डेलिगेट वाटतात कसे यावर कुणी बोलत नाही, म्हणून हा धागा.

डेमोक्रॅटांचा नियम आता देशभर एकच आहे: मतांच्या प्रमाणात डेलिगेट, पण १५ टक्क्यांच्या खाली राहिलात तर भोपळा. ही वाटणी एकदा राज्याच्या एकूण मतांवर होते आणि शिवाय प्रत्येक मतदारसंघात वेगळी होते. रिपब्लिकनांकडे राज्यातल्या पक्षाला बरीच मोकळीक. कुठे प्रमाणात, कुठे पहिला येईल त्याला सगळे, कुठे प्रत्येक मतदारसंघामागे तीन, कुठे भलतंच काहीतरी. त्यामुळे डेमोक्रॅटांकडे किती फरकाने जिंकलात याला किंमत, आणि रिपब्लिकनांकडे तुमच्या विरोधात किती जण अजून उभे आहेत याला.

त्याच सुपर ट्यूसडेला रिपब्लिकन बाजूने मिझुरीत जॉन मॅकेन ३३ टक्क्यांवर पहिले आले. हकाबी ३१ च्या वर, रॉम्नी २९ च्या वर. मॅकेनना ५८ पैकी ५८ डेलिगेट. उरलेल्या दोघांना मिळून ६० टक्के मतं आणि डेलिगेट शून्य. दोन दिवसांत रॉम्नींनी गाशा गुंडाळला. डेमोक्रॅटांची मारामारी जूनपर्यंत चालली. मतदार एकाच देशातले, पण नियमांची वही वेगळी.

---

टेकडीवरचा (पुणे)

वाचतोय. पण एक बाळबोध शंका. हे डेलिगेट म्हणजे नोव्हेंबरात मोजतात ते इलेक्टोरल कॉलेजवालेच का?

---

पायवाट

नाही, त्यांचा याच्याशी संबंध नाही. नोव्हेंबरचं इलेक्टोरल कॉलेज संविधानातलं. हे डेलिगेट पक्षाचे. उन्हाळ्यात पक्षाचं अधिवेशन भरतं, तिथे हे लोक मतदान करून उमेदवार ठरवतात. २००८ ला डेमोक्रॅटांकडे २११८ लागत होते, २०१६ ला रिपब्लिकनांकडे २४७२ पैकी १२३७. पक्षाने उमेदवार कसा निवडायचा हे संविधान सांगत नाही. त्यामुळे हे नियम पक्षाची समिती बसून लिहिते आणि चार वर्षांनी बदलते. खरी गंमत तिथेच आहे.

---

मास्तर७० (सातारा)

निवृत्त गणित शिक्षक असल्याने हात शिवशिवले. पायवाट यांनी मतदारसंघाचा मुद्दा एका वाक्यात उरकला, तो सोडवून दाखवतो.

समजा एका मतदारसंघाला ४ डेलिगेट आहेत आणि उमेदवार दोनच. तुम्हाला ५५ टक्के मतं मिळाली. ४ गुणिले ०.५५ म्हणजे २.२. समोरच्याचे १.८. पूर्णांकात आणल्यावर २-२. साठ टक्के मिळाली तरी २.४ आणि १.६, पुन्हा २-२. तिसरा डेलिगेट हवा तर २.५ च्या वर जावं लागेल, म्हणजे साडेबासष्ट टक्के. त्याच्या आतले सगळे कष्ट पाण्यात.

आता शेजारच्या मतदारसंघाला ३ डेलिगेट आहेत. इथे पन्नास टक्क्यांच्या वर एक मत जास्त मिळालं की २-१.

म्हणजे सम संख्येच्या मतदारसंघात पैसा ओतणं शहाणपणाचं नाही, विषम संख्येच्या ठिकाणी शंभर मतांसाठीही धावावं. ज्याच्या कचेरीत हा तक्ता भिंतीवर लागला तो उमेदवार निम्मी लढाई जिंकला.

---

काळा_चहा (ह्यूस्टन)

मास्तर, तुमच्या तक्त्यात टेक्सास बसवून दाखवा, मग मानतो :)

२००८ ला इथे प्रायमरी आणि कॉकस दोन्ही एकाच दिवशी होते. दिवसा मत द्यायचं आणि संध्याकाळी सव्वासातला पुन्हा त्याच केंद्रावर यायचं. मी नुकताच नागरिक झालो होतो, हौसेने दोन्हीकडे गेलो. केंद्र एका शाळेत. एरवी म्हणे या सभेला डझनभर माणसं यायची. त्या रात्री रांग पार्किंगमधून रस्त्यावर. शेवटचा माणूस मत देऊन बाहेर पडल्याशिवाय सभा सुरू करता येत नाही, त्यामुळे थंडीत तासभर उभे. आत गेल्यावर टेबलावर कोरे तक्ते. नाव, पत्ता, सही आणि समोरच्या रकान्यात उमेदवाराचं नाव. तक्ते संपले तेव्हा कुणीतरी वहीची पानं फाडली. लहान मुलं कडेवर घेतलेल्या बायका, रात्रपाळीला जायच्या घाईतले लोक, कित्येक जण कंटाळून घरी गेले. जे थांबले त्यांच्या सह्यांवर राज्याचे एक तृतीयांश डेलिगेट ठरणार होते.

निकाल: प्रायमरी क्लिंटननी ५१-४७ ने जिंकली, डेलिगेट ६५-६१. कॉकस ओबामांनी जिंकला, ३८-२९. बेरीज करा. टेक्सास "हरलेल्या" माणसाला ९९ आणि "जिंकलेल्या" बाईंना ९४.

आणखी एक पदर. इथे वाटणी राज्य सिनेटच्या मतदारसंघांप्रमाणे होती, आणि कुठल्या भागाला किती डेलिगेट हे मागच्या निवडणुकांत तिथे डेमोक्रॅट पक्षाला किती मतं पडली त्यावर. ह्यूस्टनमधला कृष्णवर्णीय वस्तीचा भाग आणि ऑस्टिन यांना सात-आठ. रिओ ग्रँड खोऱ्यातल्या लॅटिनो भागांना तीन-चार, कारण तिथे पूर्वी मतदान कमी झालेलं. त्या भागांत क्लिंटनना तुफान मतं होती. मागच्या वेळी शेजारी घरी बसला म्हणून या वेळी तुमच्या मताचं वजन कमी.

हा दुहेरी प्रकार २०१६ पासून बंद झाला.

---

बोकोबा

म्हणजे रिपब्लिकनांचं सरळ आहे. पहिला आला, सगळं घेऊन गेला, विषय संपला. वहीची पानं फाडायला नकोत.

---

पायवाट

बोकोबा, सरळ? २०१६ घ्या.

साउथ कॅरोलायनात ट्रम्प यांना साडेबत्तीस टक्के. त्यांचे प्रतिस्पर्धी रुबिओ आणि क्रूझ दोघेही २२ च्या थोडे वर. डेलिगेट ५० पैकी ५० ट्रम्पना, कारण राज्याचे २९ पहिल्याला आणि सात मतदारसंघांचे प्रत्येकी तीन तिथल्या पहिल्याला, आणि ते सातही मतदारसंघांत पहिले. मग १५ मार्चला फ्लोरिडा: सुमारे ४६ टक्के मतं, ९९ पैकी ९९. रुबिओ त्याच रात्री बाहेर. १९ एप्रिलच्या न्यू यॉर्कपर्यंत ट्रम्प यांनी एकाही राज्यात ५० टक्के ओलांडले नव्हते, तोवर ते डेलिगेटांत कितीतरी पुढे निघून गेले होते.

उलट कोलोरॅडोत सर्वसामान्य मतदारांची प्रायमरीच झाली नाही. पक्षाच्या बैठकांतून प्रतिनिधी निवडले गेले, क्रूझच्या माणसांनी आधीपासून पेरणी केलेली, आणि निवडून द्यायचे ३४ च्या ३४ क्रूझना. ट्रम्प यांनी तेव्हा "सगळं आधीच ठरवलेलं आहे" म्हणून आरडाओरडा केला. साउथ कॅरोलायनाबद्दल मात्र त्यांची काही तक्रार ऐकिवात नाही.

पेन्सिल्वेनिया तर कहरच. ७१ पैकी ५४ डेलिगेट मतदारांनी थेट नावाने निवडले, आणि मतपत्रिकेवर ती व्यक्ती कुणाच्या बाजूची हे लिहिलेलंच नव्हतं.

---

मास्तर७०

"मतदारसंघामागे तीन" यातला दोषही सांगून ठेवतो. न्यू यॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या एखाद्या मतदारसंघात रिपब्लिकन औषधालाही सापडत नाहीत. राज्याच्या उत्तरेच्या ग्रामीण भागात ते ढिगाने. डेलिगेट दोन्हीकडे तीनच. म्हणजे ब्रॉन्क्समधल्या रिपब्लिकनाच्या मताला गावाकडच्या रिपब्लिकनापेक्षा कितीतरी पट वजन. डेमोक्रॅट निदान मागच्या मतांप्रमाणे कमीजास्त देतात. काळा_चहा यांना तेही खटकतंय. मग न्याय कशात आहे ते सांगा.

---

शेवंती (मिशिगन)

इलिनॉयचं कुणीच कसं बोललं नाही? आपल्या लोकांनी तर ते लक्षात ठेवायला हवं.

तिथे २०१६ ला रिपब्लिकनांचे मतदारसंघातले डेलिगेट थेट मतपत्रिकेवर होते आणि प्रत्येकाच्या नावापुढे उमेदवाराचं नाव छापलेलं. म्हणजे ट्रम्प हवे असतील तर त्यांच्या तीन नावांसमोर खुणा करायच्या, संपलं. तरी काही ठिकाणी ट्रम्प यांच्याच तीन डेलिगेटांपैकी ज्याचं नाव मुसलमानी किंवा परदेशी वाटणारं होतं, त्याला बाकीच्या दोघांपेक्षा हजारोंनी कमी मतं पडली. एका मतदारसंघात त्यामुळे तिसरी जागा केसिक या दुसऱ्या उमेदवाराच्या माणसाला गेली. ट्रम्प यांच्या मतदारांनी ट्रम्प यांचाच डेलिगेट पाडला.

नियम लिहिणाऱ्याने हे कधी मनातही आणलं नसेल.

---

बोकोबा

कुलकर्णी असं लिहिलं असतं तरी पडलाच असता बिचारा.

---

टेकडीवरचा

एक अजून शंका. १५ टक्क्यांच्या खाली राहणाऱ्यांची मतं सरळ वाया? आपल्याकडे राज्यसभेला दुसऱ्या पसंतीची मतं पुढे सरकतात, तसं काही नाही?

---

पायवाट

बहुतेक राज्यांत वायाच. २०२० च्या साउथ कॅरोलायनातल्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत बायडन यांना ४८.७ टक्के आणि सँडर्सना २० च्या आसपास. बाकी सगळे १५ च्या खाली. ५४ डेलिगेट दोघांतच वाटले: ३९ आणि १५. म्हणजे निम्म्याहून कमी मतांवर ७२ टक्के डेलिगेट. "प्रमाणशीर" म्हणतात ते हे.

तुम्ही म्हणता तसा पसंतीक्रम २०२० ला अलास्का, हवाई, कॅन्सस आणि वायोमिंग या चार राज्यांत डेमोक्रॅटांनी वापरला. शेवटचा उमेदवार काढायचा, त्याची मतं पुढच्या पसंतीला द्यायची, उरलेले सगळे १५ च्या वर जाईपर्यंत. आयोवाच्या कॉकसमध्ये हेच काम माणसं पायांनी करायची. तुमचा गट लहान पडला की उठून दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. तिथे २०२० ला सँडर्सना मतं जास्त आणि बुटिजेज यांना डेलिगेट जास्त, १४ विरुद्ध १२. शिवाय निकाल पाठवायचं ॲप बंद पडलं ते वेगळंच.

---

रवाळ (बे एरिया)

सगळा धागा वाचला. माहिती चांगली, पण सूर पटला नाही. नियम दोन्ही बाजूंना आधीपासून माहीत असतात. २००८ ला ओबामांकडे जेफ बर्मनसारखा डेलिगेटांचा जाणकार होता, त्यांनी आयडाहोत कचेऱ्या उघडल्या, माणसं नेमली. क्लिंटनकडच्यांनी छोट्या कॉकस राज्यांकडे पाठ फिरवली. हा नियमांचा दोष की आळसाचा? सुपर ट्यूसडेनंतर ओबामांनी लागोपाठ ११ लढती जिंकल्या, व्हर्जिनियात ५४-२९ अशी वाटणी झाली. त्या वेळी क्लिंटनकडे पुढची तयारीच नव्हती.

आणि २०१६ ला ट्रम्प कुठल्याही नियमाने जिंकलेच असते. बहुतेक ठिकाणी पहिले तेच होते.

---

पायवाट

रवाळ, नियम माहीत असतात हे खरं. पण ते कधी आणि कशासाठी लिहिले गेले ते पाहा. माझा मूळ मुद्दा तोच आहे. मागच्या निवडणुकीचा सल काढायला नियम लिहितात आणि पुढच्या वेळी त्याचं लोणी तिसराच खातो.

१९६८ ला डेमोक्रॅटांचे ह्यूबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढता शिकागोत उमेदवार झाले. बाहेर रस्त्यावर लाठीमार. त्या संतापातून सुधारणा समिती नेमली गेली, अध्यक्ष जॉर्ज मॅकगव्हर्न. मतदारांच्या हाती निवड आणली ती याच समितीने. चार वर्षांनी उमेदवार कोण? तेच मॅकगव्हर्न. आणि कॅलिफोर्नियात जुना "पहिल्याला सगळे" नियम शिल्लक होता, तिथे ४३-४४ टक्के मतांवर २७१ च्या २७१ त्यांना. विरोधकांनी अधिवेशनाआधी समितीतून त्यातले १५१ काढून घेतले, ते मायामीत अधिवेशनाच्या मतदानाने परत मिळवावे लागले. सुधारणेच्या गाडीत बसून आले आणि जुन्या नियमाच्या जोरावर तरले.

त्या वर्षी पक्षाने सपाटून मार खाल्ला. १९८० लाही खाल्ला. मग नेत्यांना वाटलं आपला हात पुन्हा हवा. १९८२ मध्ये सुपरडेलिगेट आले, म्हणजे मतदारांनी न निवडलेले, पदामुळे आपोआप डेलिगेट होणारे पक्षाचे नेते.

१९८४ ला उमेदवारीसाठी लढलेल्या जेसी जॅक्सनना सुमारे १८ टक्के मतं, पण पदरात डेलिगेट त्या मानाने फारच कमी, कारण किमान मर्यादा तेव्हा बऱ्याच ठिकाणी २० टक्के, शिवाय काही राज्यांत मतदारसंघ जिंकणाऱ्याला सगळे किंवा वर बक्षीस. जॅक्सन हटून बसले. १९८८ ला हरल्यावरही त्यांनी उमेदवारी जिंकलेल्या डुकाकिसबरोबर वाटाघाट करून ते आडमार्ग बंद करून घेतले. तेव्हापासून १५ टक्के आणि निव्वळ प्रमाण. त्याचा फायदा वीस वर्षांनी ओबामांना झाला. मोठी राज्यं "पहिल्याला सगळे" अशी असती तर कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, ओहायो, पेन्सिल्वेनिया, जर्सी एवढ्यांवर क्लिंटनबाई एप्रिलपर्यंतच निवांत झाल्या असत्या.

रिपब्लिकनांचंही तेच. २०१२ ला रॉम्नींची लढत एप्रिलपर्यंत रेंगाळली. नेते वैतागले. पुढच्या खेपेला वेळापत्रक आवळलं, १५ मार्चपासून "पहिल्याला सगळे" करायची मुभा, म्हणजे आघाडीवरचा झटकन निसटेल. आघाडीवर आपलाच कुणी भारदस्त गव्हर्नर असेल अशी खात्री. आले ट्रम्प. नियमाने आपलं काम चोख केलं.

---

रवाळ

इतिहास मान्य. पण ट्रम्पबद्दल माझा मुद्दा तसाच आहे. प्रमाणशीर वाटणी असती तरी पहिले तेच.

---

मास्तर७०

पहिले, पण १२३७ होतील का? प्रश्न हा आहे. एकूण प्रायमऱ्यांत त्यांची मतं ४५ टक्क्यांच्या आसपास, आणि त्यात क्रूझ-केसिक बाहेर पडल्यानंतरची मतंही आली. निव्वळ प्रमाणात वाटलं तर बहुमत हुकतं. १५ टक्क्यांची चाळणी लावली तर वर सरकेल. किती, ते मांडून पाहिल्याशिवाय बोलणार नाही.

---

काळा_चहा

आणि रुबिओ थांबलेच नसते. फ्लोरिडात २७ टक्क्यांना २६-२७ डेलिगेट मिळाले असते तर कोण घरी जातं? नियम बदलला की माणसं वेगळी वागतात, नुसता तक्ता बदलून भागत नाही.

टेक्सासमध्येच पाहा. तेव्हा इथे रिपब्लिकनांची किमान मर्यादा २० टक्के होती. रुबिओंना १७.७ टक्के मतं, १५५ पैकी डेलिगेट ३. क्रूझ १०४, ट्रम्प ४८. मर्यादा १५ असती तर रुबिओंच्या पदरात बऱ्यापैकी काही पडलं असतं.

---

शेवंती

१५ टक्क्यांवरून आमच्याकडचं २०२४. बायडन यांच्या समोर तगडं कुणी नव्हतं, पण गाझाच्या प्रश्नावर निषेध म्हणून "अनकमिटेड" (कुणालाच बांधील नाही) या रकान्यात मत द्या अशी मोहीम निघाली. २७ फेब्रुवारीला लाखाच्या वर मतं पडली. राज्याच्या हिशोबात १३ टक्के. म्हणजे १५ च्या खाली, राज्यपातळीवर शून्य. पण मतदारसंघाची मोजणी वेगळी असते ना. ॲन आर्बरच्या आणि डिअरबॉर्नच्या मतदारसंघांत रेषा ओलांडली आणि एकेक करत दोन डेलिगेट आले. ११७ पैकी २.

आमच्या शेजारच्या आजी, वय ऐंशीच्या पुढे, नेमाने मत देणाऱ्या. त्या मला विचारत होत्या, कुणालाच मत न देण्याला प्रतिनिधी कसा मिळतो? मला हसू आवरेना, पण प्रश्न बरोबर होता.

---

टेकडीवरचा

मिळून काय केलं त्यांनी? आणि तुमच्याकडचे श्री ठाणेदार, ते या गणितात कुठे बसतात?

---

शेवंती

देशभरातून असे तीसच्या आसपास निघाले. ऑगस्टमध्ये शिकागोच्या अधिवेशनात पॅलेस्टिनी वंशाच्या वक्त्याला बोलू द्या अशी मागणी होती. नकार आला, तेव्हा सभागृहाबाहेर फुटपाथवर रात्रभर ठाण मांडून बसले. संख्येने नगण्य, पण गळ्यात डेलिगेटचं ओळखपत्र असल्यामुळे कॅमेरे तिथे गेले.

ठाणेदार डेट्रॉइटकडचे खासदार, म्हणजे आपोआप डेलिगेट. डेमोक्रॅटांचे सगळे खासदार असतात. पण २०१८ च्या बदलानंतर निकाल आधीच ठरलेला नसेल तर पहिल्या फेरीत या मंडळींना मत नाही. हा बदलही २०१६ च्या क्लिंटन-सँडर्स भांडणातून आलेला. पायवाट यांच्या यादीत भर घाला.

---

पायवाट

घातली. आणखी एक त्यातच: कॅलिफोर्नियाच्या रिपब्लिकनांनी २०२३ च्या जुलैत नियम बदलला, ५० टक्क्यांच्या वर गेलात तर १६९ च्या १६९. पूर्वी मतदारसंघामागे तीन होते, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्याला एखाददुसरा तुकडा उचलायला वाव असायचा. ट्रम्प यांचे प्रतिस्पर्धी निकी हेली आणि डिसँटिस यांची दारं तिथेच बंद झाली, मतदानाच्या सात महिने आधी. बातमी कुठेतरी आतल्या पानावर आली असेल.

---

रवाळ

माझ्याच राज्यातलं आहे, आणि आमच्या ग्रुपवर त्याची चर्चा शून्य. ठीक, हा मुद्दा मान्य. ट्रम्प २०१६ चा अजून नाही.

---

मास्तर७०

मग मांडतोच. २०१६ च्या रिपब्लिकन मतांना डेमोक्रॅटांचा नियम लावून राज्यवार तक्ता करतो. मतदारसंघनिहाय आकडे मिळतील तिथे ते, नसतील तिथे राज्याचे. कोलोरॅडोत मतंच नाहीत, तिथे काय धरायचं ते इथे आधी ठरवा, नाहीतर नंतर भांडाल. आणि काळा_चहा, "रुबिओ थांबले नसते" हे मला रकान्यात बसवता येणार नाही, ते तुम्ही तळटीप म्हणून लिहा.